बूट धुतल्याशिवाय आत जाऊ नये

जंगलाच्या फाटकावर पाटी होती, ‘बूट धुतल्याशिवाय आत जाऊ नये’, आणि पाटीखाली खुर्ची टाकून तपासनीस बसलेले असत. पाटीकडे कोणी ढुंकून बघत नसे. म्हणूनच तिथे आपली गरज आहे, असं निदान तपासनिसांचं तरी मत होतं.

उभा जन्म त्यांनी रेल्वेत तिकिटं तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला त्यांनी घरातच तपासणी करून पाहिली. दिवा कोणी चालू ठेवला, नळ पुरता का बंद केला नाही, फ्रिजमधली ती वाटी नक्की कधीची. घरात माणसं दोनच, त्यातले एक ते स्वतः, त्यामुळे गुन्हेगार लगेच सापडायचा आणि मजा यायची नाही. शेवटी एका सकाळी बायकोने त्यांच्या हातात बूट घासायचा ब्रश ठेवला. “चला माझ्याबरोबर जंगलात,” ती म्हणाली. “तिथे माणसं भरपूर येतात आणि सगळी चुकीचं वागतात.” इतकं गोड बोलणं तिच्या तोंडून त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

ती त्या जंगलाच्या समितीची अध्यक्ष होती. घरी बायको, फाटकाच्या आत अध्यक्षबाई. तिथे पाऊल टाकलं की तपासनीसही तिला अहोजाहो करत. जंगल तसं लहानसंच, वस्ती संपते तिथून सुरू होऊन जुन्या दगडखाणीशी संपणारं. पण त्यातली झाडं ज्या जातीची होती ती जात दुसरीकडे कुठे उरलेली नव्हती. आसपास राहणाऱ्या लोकांनीच ते सांभाळायला घेतलं होतं. सुताराने आतून लाकडी पायवाट बांधून दिली होती, दातांची डॉक्टरीण झाडांची तब्येत बघत होती, आणि बाहेरच्या कोणालाही यायला मोकळीक होती. अट एकच, बूट धुवायचे. कारण मूळकूज. ही बुरशी मातीत राहते, झाडाच्या मुळाला लागली की झाड उभ्या उभ्या कुजतं, आणि तिच्यावर औषध नाही. बुरशीला स्वतःचे पाय नसतात. पाय माणसाला असतात, आणि माणसाला जंगल बघायची हौस असते.

सगळे ज्यांना बघायला येत त्या आत्याबाई. जंगलातलं सगळ्यात जुनं झाड. पाचसहा जणांनी हात धरले तरी कवेत न येणाऱ्या, सरळसोट, आणि कोणाच्या येण्याजाण्याने अजिबात खूष न होणाऱ्या. त्यांच्यासमोर मान वर करून उभं राहिलं की आपण परीक्षेचा निकाल दाखवायला आलोय आणि निकाल काही बरा नाही, असं वाटायचं. म्हणून नाव आत्याबाई.

तपासनिसांचा त्यांच्यावर जीव जडला होता. हे मात्र त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. झाडाशी गप्पा मारणारा माणूस अशी ख्याती झाली असती तर फाटकावरचा दरारा संपला असता. आणि दरारा तर काय विचारता! डॉक्टर, वकील, गणवेशातले पोलीस, सगळे त्यांच्यासमोर एका पायावर उभे राहून तळवे दाखवत. “खाचेत माती आहे. परत.” “साहेब, दोनदा घासले.” “तिसऱ्यांदा घासा.” नोकरीत असताना लोक त्यांना पाहून खिसे चाचपायचे, आता बूट वर करायचे. घरी कोणी भुवई वर करत नव्हतं. त्यामुळे फाटक सुटलं तर आपल्यात उरतं काय, हा प्रश्न ते स्वतःला विचारत नसत. उत्तर त्यांना माहीत होतं.

कामाचा उत्साह इतका की ते खुर्चीत फार वेळ बसतच नसत. फाटकाबाहेर गाड्या लावायचं मैदान होतं, चिखलाचं. कोणी गाडीतून उतरून कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला, कोणी कुत्रा खाली सोडला, की तपासनीस ब्रश उगारून मैदानात. त्याला धारेवर धरून झालं की परत. येताना फाटकातल्या रांगेत घुसणं त्यांना बरं दिसत नसे, म्हणून ते बाजूच्या अवजारांच्या खोलीच्या मागच्या दाराने आत येत. शिस्तीचा माणूस रांग मोडत नाही.

आणि मग फाटकाजवळच्या एका तरण्या झाडाची पानं पिवळी पडली.

दातांच्या डॉक्टरणीने गुडघ्यावर बसून बुंध्याशी उकरलं. मुळाचा विषय तिच्याच हाताखालचा. खोडातून डिंकासारखं काही ओघळत होतं. तिने माती आणि मुळाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला आणि उत्तर आलं, मूळकूजच.

समितीची बैठक अवजारांच्या खोलीतच भरली, फावड्यांच्या आणि बादल्यांच्या मधे. कोणाचे चेहरे बघवत नव्हते. अध्यक्षबाईंनी स्वच्छ सांगितलं, “हे आत्याबाईंपर्यंत गेलं तर आपल्याला काही करता येणार नाही. नुसतं बघत बसावं लागेल.” तपासनीस घाबरले. आणि घाबरले की ते जे करत तेच त्यांनी केलं, म्हणजे उभे राहून कडक बोलले. कोणीतरी बूट न धुता आत येतंय. जो सापडेल त्याला या जंगलात कायमची बंदी. मग तो कोणी का असेना.

“आणि त्यात ‘अपवाद नाही’ असंही घाला,” ते म्हणाले.

“तेवढं कशाला?” सुतार म्हणाला.

“घाला म्हणजे घाला.”

घातलं. बोलताना ते मेहुण्याकडे बघत होते.

अध्यक्षबाईंचा हा धाकटा भाऊ पाहुण्यांना जंगल फिरवून दाखवायचा. उशिरा यायचा, पायात खोल खाचांचे पळायचे बूट, आणि आत्याबाईंबद्दल रोज नव्या थापा मारायचा. लोक त्याच्यावर खूष. मेहुणा हा मुळातच संशयित असतो, त्यात हा लोकप्रिय. तपासनिसांना आणखी पुरावा नको होता, पण रीत म्हणून ते शोधायला निघाले.

पुढच्या काही आठवड्यांत आणखी झाडं पिवळी पडली. डॉक्टरीण एकेक तपासत गेली, आणि जे आजारी निघेल त्याला तपासनीस पिवळी फीत बांधत गेले. एक दिवस लांब उभं राहून बघताना त्यांच्या लक्षात आलं की फिती लाकडी पायवाटेच्या कडेने नाहीतच. त्यांची वेगळीच एक रांग आहे, आतून जाणारी. म्हणजे कोणीतरी चोरवाटेने रोज जातंय! त्यांना शहारा आला. एवढी मोठी केस त्यांना अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती.

रविवारी सकाळी, फाटक उघडायच्या आधी, त्यांनी सगळ्यांना बोलावलं. अध्यक्षबाई, डॉक्टरीण, सुतार आणि खास आग्रहाने मेहुणा. “माग काढू,” ते म्हणाले. “गुन्हेगार आज इथेच तुमच्यासमोर उभा करतो.” हा शब्द त्यांनी पाळला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

जमीन आणखी नासू नये म्हणून सगळ्यांनी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि रबर लावले. तशी ती वरात अवजारांच्या खोलीच्या मागच्या दाराशी आली. पहिली फीत तिथेच होती.

“हा बघा,” तपासनीस म्हणाले. “फाटकाने येत नाही. फाटकावर मी असतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.”

“या दाराची किल्ली कोणाकडे असते?” सुताराने विचारलं.

“माझ्याकडे. म्हणूनच म्हणतो, पोहोचलेला माणूस आहे.”

सुताराने डॉक्टरणीकडे पाहिलं.

पुढच्या फितीपाशी एक आडवी फांदी होती. साल एकाच जागी घासून गुळगुळीत झालेली. “इथे हात टेकतो,” तपासनीस म्हणाले आणि दाखवायला म्हणून स्वतः टेकला. हात अगदी बरोबर बसला. “चढ लागला की दम लागतो त्याला. गुडघे गेलेले असणार. वजनही आहे.” मेहुणा काडीसारखा होता आणि रोज सकाळी पळायला जायचा, पण तपासात अशा बारीकसारीक विसंगती राहतातच. डॉक्टरीण तपासनिसांच्या गुडघ्यांकडे बघायला लागली. मग तिने वर झाडांच्या शेंड्यांकडे बघायला सुरुवात केली.

त्यापुढच्या झाडाशी त्यांना कागद सापडला. खोकल्याच्या गोळीचा. “बघा! खातो आणि टाकतो. घरी कोणी वळण लावलेलं दिसत नाही.” पुरावा म्हणून त्यांनी तो खिशात घातला. खिशात त्याच जातीचे आणखी कागद होते, त्यांच्यात तो सुखाने मिसळला.

“अहो,” अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. “पुरे आता. घरी जाऊन बोलू.”

“अध्यक्षबाई, इथे घरचं आणि बाहेरचं करू नका.”

“मी सांगते ते ऐका.”

“भाऊ आहे म्हणून पाठीशी घालताय!”

अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. तपासनीस पुढे, बाकीचे मागे. पिशव्यांचा चर्रचर्र आवाज सोडला तर कोणी ब्र काढत नव्हतं. या शांततेचा अर्थ तपासनिसांनी आदर असा लावला.

शेवटची फीत बांधलेलं झाड ओलांडलं आणि समोर आत्याबाई आल्या. समोर म्हणजे पाठीमागून. पायवाटेवरच्या पाहुण्यांना ही बाजू दिसत नसे. आत्याबाईंपासून चारपाच ढांगांवर एक बसका दगड होता, आणि दगडावर एक उशी. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, बसून बसून चपटी झालेली.

तपासनिसांनी उशी पाहिली. डोळ्यांनी ओळखली, पण डोक्याने ती बातमी घ्यायला नकार दिला. ते तसेच हात पुढे करून उभे राहिले, बोट उशीकडे.

मग मेहुणा दोन पावलं पुढे आला.

“ही माझी उशी आहे, भाऊजी,” तो म्हणाला. “मीच येतो इथे. चुकलं माझं.”

आता बघा, काय सोपं होतं! गुन्हेगार कबूल झाला होता. तपासनिसांना नुसतं मूग गिळून उभं राहायचं होतं. फाटक राहिलं असतं, दरारा राहिला असता, आत्याबाई राहिल्या असत्या, वर मेहुणा गेला असता. पण आयुष्यभर खोटं तिकीट हातात आलं की त्यांचे ओठ आपोआप हलायचे, ते हललेच.

“तुझी कशी? हा आमच्या बाहेरच्या खोलीचा जुना पडदा आहे. हिने शिवलीय ती. माझ्या तोंडावर धादांत खोटं बोलतोस?”

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

मेहुणा खाली बघत होता. सुताराला अचानक रबर घट्ट करायचं सुचलं. तपासनिसांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पिशवीतून बूट दिसत होते, रोजचेच, खाचाखाचांत मैदानातला चिखल वाळून बसलेला. दिवसातून कितीदा तरी ते मैदानात गेले होते आणि मागच्या दाराने आत आले होते. आणि रोज संध्याकाळी, फाटक लावायच्या आधी, तेच बूट घालून ते इथे येऊन बसत होते, आत्याबाईंना दिवसभराच्या तक्रारी सांगत. एकदाही धुतले नव्हते. विसरले म्हणून नाही. नियम बाहेरून येणाऱ्यांसाठी होता, आणि आपण बाहेरचे आहोत हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

त्यांना लाज वाटली, पण लाजेचं एवढं काही नाही, ती त्यांना पचली असती. त्यांना भीती वाटली. इतक्या प्रेमाने रोज भेटायला येऊन आपण आत्याबाईंचा जीव तर घेतला नाही ना, ही. त्यांनी मान वर करून पाहिलं. वर सगळं हिरवं दिसत होतं, पण वरचं दिसून काय उपयोग?

“जाऊ द्या हो,” सुतार म्हणाला. “मुद्दाम थोडंच केलं? यापुढे धुवा म्हणजे झालं.”

“हो ना,” डॉक्टरीण म्हणाली. “आपलेच आहेत.”

मेहुण्यानेही मान हलवली. तपासनिसांना, खरं सांगायचं तर, हुरूप आला. आपलेच आहेत! त्यांनी केविलवाणा चेहरा करून बायकोकडे पाहिलं. असा चेहरा त्यांच्यासमोर हजारो विनातिकीट प्रवाशांनी केला होता आणि त्याचा त्यांच्यावर कधी काडीचा परिणाम झाला नव्हता.

अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या आत्याबाईंकडे बघत होत्या.

“‘अपवाद नाही’ हे शब्द कोणी घालायला लावले?” त्यांनी विचारलं.

“मी,” तपासनीस म्हणाले.

“मग चला.”

लाकडी पायवाटेने त्या त्यांना फाटकापर्यंत घेऊन आल्या. तिथे तपासनिसांनी त्या जंगलात पहिल्यांदा स्वतःचे बूट धुतले. पाणी चहासारखं झालं. त्यांनी सवयीने तळवे वर करून दाखवले आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, “खाचेत आहे अजून. परत.”

आत्याबाईंच्या मुळांची तपासणी झाली. अजून लागण नव्हती. अजून, हा शब्द डॉक्टरणीने दोनदा उच्चारला. दर मोसमात पुन्हा बघावं लागणार होतं. मागची वाट काटेरी तारेने बंद झाली. फिती बांधलेली झाडं पाडून जागच्या जागी जाळली, त्यांच्यावर ती उशीही. त्या दिवशी तपासनीस मैदानात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की डोळ्यांत धूर जातोय. वारा उलटीकडे वाहत होता.

पुढच्या रविवारी ते आपली खुर्ची घेऊन आले आणि फाटकाच्या बाहेर मांडली. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. सुताराने बूट धुवायची जागा चार हात बाहेर सरकवून दिली, आणि मैदानातून येणारा कोणीही, समितीचा असो की पाहुणा, त्यांच्या हाताखालून जाईल अशी कठड्यांची सोय केली. मागच्या दाराला त्याने फळ्या ठोकल्या. मेहुणा एकदा गाडीत विसरलेली पाण्याची बाटली आणायला गेला आणि तसाच आत निघाला, तेव्हा तपासनीस एवढ्या जोरात “बूट!” म्हणून ओरडले की रांगेतल्या सगळ्यांनी पाय वर केले. मेहुणा निमूट मागे आला.

लोक बूट घासेपर्यंत काहीतरी बोलायला हवं, म्हणून तपासनीस त्यांना ही हकीकत सांगतात. फिती, फांदी, गोळीचे कागद, काही गाळत नाहीत. “मी तपास इतका चोख केला,” ते म्हणतात, “की आरोपीला सुटायला जागाच ठेवली नाही. सुटायची संधी दिली तर त्याने तीही नाकारली. असा मूर्ख आरोपी मी पाहिला नाही.” लोक हसतात. आणि हसता हसता बूट नीट घासतात, पाटी वाचून कधी घासले नव्हते इतके. मेहुणा कुरकुरतो की पाहुणे आत येऊनही भाऊजींच्याच गोष्टी बोलतात.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तपासनीस एकच विचारतात, “कशा आहेत आत्याबाई?” लोकांना धड सांगता येत नाही. कोणी म्हणतो, उंच आहेत. कोणी म्हणतो, छान आहेत, पण तिथे मोबाइलला रेंज नाही. तपासनीस सगळ्यांचं लक्षपूर्वक ऐकतात.

संध्याकाळी सगळ्यात शेवटी बायको बाहेर येते. जाताना पुन्हा बूट धुवायचे, हाही नियमच. एके दिवशी तिने कठड्याला धरून पाय पुढे केला आणि तपासनीस समोर बसले. खाचांत काळी माती होती, पायवाटेवरची नव्हे.

“ही कुठली गं?”

“आत्याबाईंच्या बुडाशी उतरले होते. आज मुळं बघायचा दिवस होता.”

ब्रश थांबला. “मग?”

“स्वच्छ आहेत.” तिने कठडा नीट धरला. “तुमच्याबद्दल काही विचारलं नाही त्यांनी.”

“विचारणार नाहीतच. स्वभाव आहे तो.”

त्यांनी बोटाने खाचेतली माती काढली. चिमूटभरच होती, गार, किंचित ओलसर. ती दोन बोटांत धरून ते तसेच बसून राहिले. खिशात रुमाल होता. बायको बघत होती. आज ती काही म्हणणार नव्हती, हे त्यांना कळलं.

मग त्यांनी माती पिंपात टाकली, वरून जंतुनाशक फवारलं आणि कोपरापर्यंत हात धुतले.

“दुसरा पाय,” ते म्हणाले.